फिरत्या दवाखान्याची केबल

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी फिरत्या दवाखान्याचं मागचं दार उघडलं आणि दोनशे चाळीस बाळांची लस वाया गेलेली सापडली.

लस दोन ते आठ अंशांत जगते. फ्रीजमधला काटा चौदावर होता. मोटर गप्प, दिवा बंद. गाडीच्या कुशीतून निघालेली जाड काळी केबल अंगण ओलांडून वाचनालयाच्या मागच्या व्हरांड्यापर्यंत गेली होती, आणि तिथे भिंतीतल्या सॉकेटखाली तिचा प्लग फरशीवर लोळत पडला होता.

पुढच्या फाटकाशी पस्तीसेक आया बाळांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यातली एक दोन बस बदलून आली होती. तिला कुणी काही सांगितलं नाही. अशा बायांना शेवटीच सांगतात.

"शनिवारी लावलीच नाही ह्याने!" पर्यवेक्षक ओरडला.

बोट चालकाकडे होतं. चालक पन्नाशीचा, आखूड मानेचा, गाडीवर चौदा वर्षं. सगळे त्याला मामा म्हणायचे; पर्यवेक्षक 'ए ड्रायव्हर' म्हणायचा.

"लावली होती साहेब."

"मग काय उंदराने काढली? दोन दिवस उन्हात गाडी बंद. उकडून गेली सगळी लस. माझ्या डोक्यावर येणार हे. पण नाही येऊ देणार." त्याने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिथल्या तिथे चार ओळी खरडल्या. "चार वाजता गाडीची किल्ली माझ्या हातात द्यायची आणि घरी जायचं. पुन्हा ह्या गाडीच्या आसपास दिसायचं नाही."

डॉक्टर बाजूला उभा राहून मोबाइल बघत होता. सिस्टर व्हरांड्याच्या पायरीवर बसून होती, तिने मान वर केली नाही. वाचनालयाच्या बाई जाळीच्या दाराआडून पाहत होत्या.

चालक ह्यावर एक शब्द बोलला नाही. एवढ्या मोठ्या आरोपाला माणूस शिव्या देतो, शपथा घेतो, रडतो. हा गप्प राहिला. पर्यवेक्षकाला वाटलं, कबूलच केलं म्हणून गप्प आहे.

२

वीज खात्याची तपासनीस साडेअकराला स्कूटरवरून आली. बुटकी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, टेस्टर पेनासारखा खिशाला लावलेला. पर्यवेक्षकाने तिला फक्त एका ओळीसाठी बोलावलं होतं.

"एवढंच लिहून द्या मॅडम, की वाचनालयाची वीज शनिवारपासून चालू होती. म्हणजे दोष विजेचा नाही, माणसाचा."

"तपासू तरी द्या."

"तपासायचं काय त्यात? पंखा फिरतोय आत."

"मग पंख्याकडूनच सही घ्यायची होती," ती म्हणाली आणि सॉकेटपाशी उकिडवी बसली.

सॉकेट ठणठणीत होतं. प्लगही. दात सैल नाहीत, कुठे जळल्याचा डाग नाही. तिने प्लग सॉकेटात घालून ओढून पाहिला. घट्ट बसणारा प्रकार होता तो. वाऱ्याने किंवा कुणाचा पाय अडकून निघणारा नव्हता. निघालाच तर कुणीतरी मुद्दाम, दोन हातांनी काढल्यावरच.

"बघा, वीज होती," पर्यवेक्षक म्हणाला. "करा सही."

ती सॉकेटच्या वर लावलेल्या छोट्या मीटरकडे बघत होती. फक्त ह्या एका सॉकेटचा मीटर. वाचनालयाच्या बाईंनी भांडून लावून घेतलेला.

"ह्याचं रीडिंग कोण घेतं?"

"मी," जाळीमागून आवाज आला. वाचनालयाच्या बाई बाहेर आल्या. हातात पुस्तकं देण्याघेण्याची वही. "गाडी आली की घेते, गाडी गेली की घेते. माझा कुणावर विश्वास नाही."

"माझ्यावर?"

"तुम्ही तर वीज खात्याच्या."

तपासनीस हसली. वहीत शेवटच्या पानावर लिहिलं होतं: शनिवार, दुपारी एक, ४११८.२. तिने मीटर पाहिला. ४१२५.८. मग ती गाडीत चढली, फ्रीजच्या मागे लावलेली पत्र्याची पाटी वाचून खाली आली आणि तळहातावर पेनाने काहीतरी मांडलं.

"सात पूर्णांक सहा युनिटं जळलीत," ती पर्यवेक्षकाला म्हणाली. "ह्या सॉकेटला दुसरं काही लागत नाही. म्हणजे केबल लावलेली होती. शनिवारपासून आज सकाळपर्यंत होती. तुमचा ड्रायव्हर खरं बोलतोय."

पर्यवेक्षकाचा चेहरा पडला. माणूस निर्दोष निघाला म्हणून कुणाचा चेहरा पडावा?

"मग प्लग बाहेर कसा?"

"कुणीतरी काढला. आज सकाळी." तिने तळहात त्याच्यासमोर धरला. "ह्या फ्रीजची मोटर एकशे ऐंशी वॉटची. न थांबता चालली तर सात पूर्णांक सहा युनिटं जाळायला बेचाळीस तास आणि थोडी मिनिटं लागतात. शनिवारी दुपारी एकपासून मोजा. आज सकाळचे सव्वासात येतात."

पायरीवरची सिस्टर उठून पाणी प्यायला गेली.

३

"न थांबता चालली तर," तपासनीस स्वतःशीच म्हणाली. हेच तिला खुपत होतं. फ्रीजची मोटर थांबत थांबत चालते. गार झालं की बंद, कोमट झालं की चालू. ही बेचाळीस तास का थांबली नाही? आणि थांबत थांबत चालली असती, तर दोन दिवसांत तीन-चार युनिटांच्या वर गेली नसती.

तिने एकेकाला गाठलं.

वाचनालयाच्या बाई पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

"गाडी तुम्हाला नको असते म्हणे."

"नकोच. माझ्या मुलांच्या खोलीतला उजेड अडतो. जनरेटर लावला की वाचणारे उठून जातात. चार तक्रारी केल्यात."

"म्हणून प्लग काढलात?"

बाईंनी डिंकाचा ब्रश खाली ठेवला. "मला काढायचा असता तर सगळ्यांसमोर काढला असता. आणि मी नऊला येते. गेली एकवीस वर्षं नऊला येते. विचारा कुणालाही."

"सव्वासातला इथे कोण असतं?"

"पहिली बस सातला येते. त्यातून कोण उतरतं ते मला काय माहीत? मी तेव्हा घरी भांडत असते."

डॉक्टर जीपमध्ये बसला होता. सहा महिन्यांपूर्वी लागलेला, चांगल्या घरातला, नजर चुकवणारा.

"सकाळी कुठून आलात?"

"ऑफिसातून. साडेआठला निघालो. मी, मामा, साहेब. जीपने चाळीस मिनिटं."

"नऊ वीसला दार उघडलं तेव्हा तुम्ही आत जाऊन काय उचललंत?"

हा अंदाजाने टाकलेला खडा वाटला असता. पण आया फाटकाशी उभ्या होत्या आणि आयांना सगळं दिसतं. दोन बस बदलून आलेलीने तिला सांगितलं होतं: तो तरणा डॉक्टर सदऱ्याखाली काहीतरी घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे गेला.

डॉक्टर लाल झाला. "खाजगी होतं."

"डब्यात टाकलेलं खाजगी राहत नाही."

डबा वाचनालयाच्या कोपऱ्यात होता. तिने तो सरळ उलटा केला. कापूस, हातमोजे, कागद, आणि सरबताची लिटरची प्लास्टिक बाटली, अर्धी भरलेली. तिने ती फरशीवर उभी केली. बाटली डोलली आणि आडवी पडली. पुन्हा उभी केली. पुन्हा पडली. तळ बाहेरच्या बाजूने गोल फुगला होता.

"लसीच्या फ्रीजमध्ये सरबत ठेवायचं नसतं, माहीत आहे मला," डॉक्टर घाईने म्हणाला. "शनिवारी विसरलो. नोकरी जाईल माझी. साहेबांना सांगू नका."

"तुमच्या सरबताचं मला काही पडलेलं नाही. सकाळी उचललीत तेव्हा कशी होती?"

"म्हणजे?"

"गरम, कोमट, गार?"

डॉक्टरने आठवलं. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं, कारण डॉक्टर झाला तरी तो मूर्ख नव्हता.

"मध्ये बर्फ होता," तो म्हणाला. "मुठीएवढा गोळा."

४

उकडून मेलेल्या फ्रीजमध्ये बर्फ!

तपासनीस सिस्टरकडे गेली. सिस्टर सत्तावन्न वर्षांची, केस घट्ट बांधलेले, निवृत्तीला आठ महिने. लसीची खोकी एकावर एक रचून ती यादी करत होती. खोक्यांचे तळ ओले होते.

"मला औषधातलं कळत नाही," तपासनीस म्हणाली. "लस उकडलीय की नाही, हे कुपीवरून कळतं का?"

सिस्टरने यादी खाली ठेवली. खोटं बोलली असती तर तपासनीसला पत्ता लागला नसता. पण चौतीस वर्षं ज्या हातांनी सुया टोचल्या त्या हातांना अशा प्रश्नांची चुकीची उत्तरं द्यायची सवय नव्हती.

"तोंडात टाकायच्या थेंबांची कुपी घ्या," ती म्हणाली. "सगळ्यात नाजूक तीच. लेबलवर हा गोल आहे ना, त्यात चौकोन. उकाडा लागला की चौकोन काळवंडतो. दोन दिवस बंद गाडीत उन्हात राहिली असती तर काळा पडला असता."

चौकोन पांढरा होता.

"म्हणजे उकडलीच नाही."

"नाही."

"मग फेकायची कशाला?"

"थेंब फेकायचे नाहीत. थेंबांना बर्फ चालतो. इंजेक्शनच्या लसीला चालत नाही." सिस्टरने एक कुपी हलवून खिडकीत ठेवली. आत बारीक पांढरा चुरा भुरभुरत तळाशी बसायला लागला. "चांगली लस हलवली की दुधासारखी गढूळ राहते. ही बघा. एकदा गोठली की फुटते, मग वितळली तरी उपयोग नाही. टोचली तर बाळ रडेल, आई समाधानाने घरी जाईल, आणि आत काहीच नसेल."

"बाहेरून ओळखू येतं?"

"हलवून पाहिलं तरच. घाईत कोण हलवतं?"

तपासनीसने तिच्याकडे नीट पाहिलं. मग ती चालकाला शोधायला गेली. तो टायरला टेकून बसला होता.

"मामा, फ्रीज बेचाळीस तास एकसारखा का चालला?"

"मला काय विचारता? मी गाडी चालवतो."

"चौदा वर्षं चालवताय."

त्याने नाखुशीने सांगितलं. गाडीचा जनरेटर दोन वर्षांपासून अशक्त आहे. रस्त्यात फ्रीजला पुरती वीज मिळत नाही. म्हणून निघताना फ्रीजचा नॉब सातवर करायचा, पूर्ण. मुक्कामाला आल्यावर बाहेरची वीज जोडली की तोच नॉब तीनवर आणायचा. बाहेरची वीज दमदार. सातवर राहिला तर फ्रीज बर्फाची पेटी होतो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. ह्या गाडीवरच्या माणसांनी केलेला जुगाड आहे. जनरेटर दुरुस्त करा म्हणून त्याने अकरा अर्ज दिले होते. अकराव्या अर्जानंतर साहेबांनी सांगितलं, गाडी चालव, लेखक होऊ नकोस.

"नॉब कोण फिरवतं?"

"आत जो असेल तो. मी बाहेरून केबल लावतो, पत्र्यावर दोन थापा मारतो. म्हणजे वीज आली. आतला नॉब फिरवतो आणि आतून दोन थापा देतो. म्हणजे झालं. मग मी जातो."

"शनिवारी थापा मारल्यात?"

"मारल्या."

"आतून आल्या?"

चालकाने जमिनीवरचा खडा उचलला, टाकला.

"आठवत नाही."

"आत कोण होतं?"

"सगळेच होते. डॉक्टर पिशवी भरत होते. साहेब फोनवर बोलत चढत उतरत होते. सिस्टर होत्या."

"आणि थाप आली की नाही ते आठवत नाही."

"नाही आठवत," चालक म्हणाला. "सांगितलं ना एकदा."

घड्याळात तीन वाजले होते. किल्ली द्यायला एक तास उरला होता, आणि तो माणूस स्वतःला सोडवणारं उत्तर दाताखाली धरून बसला होता.

५

पाऊण तासाने तपासनीसने सगळ्यांना वाचनालयाच्या वाचनखोलीत बसवलं. पण त्याआधी पर्यवेक्षकाला एकटं गाडीत नेलं.

"साहेब, जरा फ्रीज कमी गार करा. मला मोटरचा आवाज ऐकायचाय."

त्याने दाराजवळचं बटण दाबलं. दिवा गेला. पंख्याचं बटण दाबलं. फ्रीज उघडला, आत डोकं घातलं, बाहेर काढलं. "असेल कुठेतरी," तो म्हणाला. नॉब खालच्या जाळीच्या मागे होता, बसून हात घातल्याशिवाय न दिसणारा. नॉब तीनवर होता.

"ठीक आहे," ती म्हणाली. "चला."

वाचनखोलीत लांब टेबलाभोवती ते बसले. पर्यवेक्षकाने चालकाचा कागद मधोमध ठेवला.

"पावणेचार झालेत मॅडम. सही केलीत का?"

"करणार आहे. आधी ऐका." ती उभीच राहिली. "ही लस उकडून नाही, गोठून मेली. बाटलीचा तळ फुगलाय, तिच्यात बर्फ होता, थेंबांच्या कुपीवरचा चौकोन पांढरा आहे, आणि मीटर सांगतो की मोटर दम न घेता चालली. म्हणजे शनिवारी केबल लागली पण नॉब सातवरच राहिला. त्यात ड्रायव्हरचा दोष नाही. तो बाहेर होता."

"मग प्लग?" पर्यवेक्षक म्हणाला.

"तेच. आज सकाळी सव्वासातला कुणीतरी गाडी उघडली. बर्फ पाहिला. नॉब सातवरून तीनवर आणला, प्लग काढला, फ्रीजचं दार उघडं ठेवलं. बर्फ वितळला, खोकी भिजली. मग दार लावून घेतलं. मागच्या दाराच्या किल्ल्या दोन. एक सिस्टरकडे. दुसरी ड्रायव्हरची, पण ती दर शनिवारी साहेब काढून घेतात."

"अहो, म्हणजे मी?" पर्यवेक्षक ताडकन उठला. "काय बोलताय तुम्ही? मी आठला ऑफिसात होतो!"

"जीपने चाळीस मिनिटं. सव्वासातला इथे, आठला तिथे. जमतं."

वाचनालयाच्या बाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"पण तुम्ही नाही," तपासनीस म्हणाली. "तुम्हाला नॉब कुठे आहे हेच माहीत नाही. ज्याने तो आणला त्याने बरोबर तीनवर आणला. डॉक्टरांना माहीत असतं तर त्यांनी बर्फाची बाटली आत सोडली नसती. आणि अजून एक. हे करणाऱ्याला लस फेकली जायला हवी होती."

"हे काय नवीन?" डॉक्टर म्हणाला.

"समजा माणूस नुसता स्वतःला वाचवणारा आहे. तो काय करील? नॉब तीनवर आणील, केबल तशीच ठेवील, बर्फ हळूहळू वितळू देईल. नऊ वाजता फ्रीज चालू, काटा चारवर, सगळं छान. दोनशे चाळीस बाळांना पाणी टोचलं जाईल आणि कुणाला कधीच कळणार नाही. हे ज्याने केलं त्याला ते करवलं नाही. त्याने लस मेलीय हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणलं, एकही कुपी वापरली जाऊ नये म्हणून."

ती चालकाकडे वळली.

"आणि तुम्ही, मामा. ह्या दोन वर्षांत आतून थाप न येता तुम्ही कधी गाडी सोडली नाहीत. शनिवारीही आली. आली नसती तर आज तुम्ही सकाळपासून बोंबलत असता, 'आतलं कुणी उत्तर दिलं नाही' म्हणून. थाप कुणाची ते तुम्हाला ठाऊक आहे. साहेबांची असती तर तुम्ही आनंदाने सांगितलं असतं. डॉक्टरांची असती तरी सांगितलं असतं. तुम्ही फक्त एका माणसासाठी नोकरी घालवाल."

चालक उभा राहिला. खुर्ची मागे पडली.

"खोटं आहे सगळं," तो म्हणाला. "मी केबल लावलीच नव्हती. साहेब बरोबर बोलत होते. लिहा माझं नाव."

"मीटर..."

"मीटर गेला खड्ड्यात! लिहा म्हणतो ना! माझी धाकटी ह्या गाडीत जन्मली, रस्त्याच्या कडेला, नाळ मानेला गुंडाळलेली, निळी पडलेली. मी खाली नुसता उभा होतो, आत ताईंनी तिला रडवलं. ते तुमच्या मीटरला कुठून कळणार?"

"खाली बस, भाऊ," सिस्टर म्हणाली.

६

सिस्टरने चष्मा काढला. तो तिने पुसला नाही, नुसता टेबलावर ठेवला.

"थाप मीच दिली. फोनवर होते. ऑफिसने सोमवारची यादी मागितली होती. बाहेरून थापा आल्या, माझा हात आपोआप उठला आणि दोन थापा देऊन मोकळा झाला. नॉबला हात लागलाच नाही. दोन वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. सकाळी पहिल्या बसने आले, दार उघडलं, आणि कुपी कुपीवर बर्फ."

"आणि प्लग काढलास," पर्यवेक्षक म्हणाला. इतका वेळ 'तुम्ही' म्हणणारा माणूस एका वाक्यात 'तू'वर आला होता.

"काढला. मला वाटलं, वीज गेली म्हणतील. वायर सैल होती म्हणतील. विजेवर ढकलतील. विजेला कुणी कामावरून काढत नाही." ती थांबली. "तुम्ही भाऊचं नाव घ्याल असं मला वाटलं नव्हतं. नऊ वीसला तुम्ही ते घेतलंत, आणि मग माझी जीभ उचलली नाही. आठ महिने राहिलेत साहेब. चौतीस वर्षांतले शेवटचे आठ महिने."

पर्यवेक्षकाने चालकाचा कागद उचलला, फाडला आणि नवीन कोरा कागद पुढे ओढला. त्याला नाव बदलायला दहा सेकंद लागली.

"थांबा," तपासनीस म्हणाली. "माझाही अहवाल आहे. त्यात सिस्टरची चूक येईल, प्लगही येईल. खोटं मी लिहिणार नाही. पण पहिली ओळ अशी आहे: दोन वर्षं नादुरुस्त जनरेटरमुळे फ्रीजचा नॉब हाताने फिरवावा लागत होता, आणि त्याबद्दलचे अकरा अर्ज पर्यवेक्षकांकडे पडून आहेत. त्याखाली तुमचं पद लिहिलंय. हवं तर वाचून घ्या."

"हे वीज खात्याचं काम नाही."

"तुम्हीच बोलावलंत मला. एका ओळीसाठी." तिने सही ठोकली. "ही घ्या ओळ."

तो वाचत असताना डॉक्टर आणि वाचनालयाच्या बाई बाहेर पडले. फाटकावरच्या आया केव्हाच पांगल्या होत्या. दोन बसवाली तेवढी भिंतीला टेकून बाळाला पाजत होती. डॉक्टरने तिला पुन्हा कधी यायचं ते सांगितलं. निदान तिला कुणीतरी सांगितलं.

चालक आणि सिस्टर वाचनखोलीच्या पायरीवर समोरासमोर उभे होते. चार वाजून गेले होते. किल्ली त्याच्या खिशातच होती.

"तू कशाला मध्ये पडलास?" ती म्हणाली. "माझ्यासाठी?"

"तुम्ही सकाळपासून त्या पायरीवर बसला होतात, ताई. मी टायरपाशी. मी तुमच्याकडेच बघत होतो. अकरा वाजले. बारा वाजले. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत बोलतील. तीन वाजले, म्हटलं आता उठतील. म्हटलं, ताई आहेत, असं कसं होईल?"

"मी बोलणारच होते."

"त्या बाईने सगळं उलगडून सांगितल्यावर बोललात."

"त्याआधीच बोलले असते, भाऊ. शपथ घेऊन सांगते. चार वाजायच्या आत."

"चारला पाच मिनिटं होती तेव्हा? का दोन?"

सिस्टरने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण तिला स्वतःलाच त्याचं उत्तर माहीत नव्हतं, आणि ते त्याने पाहिलं. तो अंगण ओलांडून गाडीकडे गेला, पुढचं दार उघडून चढला आणि काच वर केली.